चादरीखालचा सा

आदरणीय पेटीवाले काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. तुम्ही केरीचे, एवढंच समजलं. गोव्यात केरी तीन, त्यामुळे बाबूनं तेवढ्यातही विचारून घेतलं, "केसरबाईंची केरी?" तुम्ही मान हलवलीत आणि परत पेटीत डोकं घातलंत. पत्ता एवढाच, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. तुमच्या नातीच्या मोबाइलवर कधी दिसलं तर ती वाचून दाखवील.

त्या रविवारी टीव्हीवरच्या गाण्याच्या ऑडिशनसाठी आम्ही दोघं भावंडं माशेलहून पहिल्या बसनं निघालो होतो. बाणस्तारीच्या पुलावर बाबूनं हळूच सा लावून बघितला आणि आवाज मधोमध फाटला. पुढच्या सीटवरची बाई वळून हसली. वाईट मनानं हसली नसेल, पण पंधरा वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं. पणजी येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी चण्याची पुडी पुढे केली, तीही नको म्हणाला.

त्याआधीचं वर्ष कसं गेलं ते तुम्हाला सांगायला हवं, म्हणजे तुम्ही काय केलंत ते तुम्हालाच कळेल. बाबू अकराव्या वर्षी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या उंच सुरात, असा गायचा की भजनाला बसलेली म्हातारी माणसं टाळ थांबवून ऐकायची. घरात तीन शाली आल्या, नारळ तर मोजलेच नाहीत. एका पुढाऱ्यानं वाढदिवसाच्या बॅनरवर त्याचा फोटो घातला, अर्थात स्वतःच्या फोटोच्या एक चतुर्थांश आकाराचा. मग आवाज फुटायला लागला. क्लासचे सर म्हणाले, "दोन वर्षं गाणं बंद. तबल्याला घाला." त्या महिन्याची फी मात्र पूर्ण घेतली. पुढाऱ्यांना मी एका शिफारशीसाठी चार वेळा फोन केला. उचलला नाही. एक मावशी तर त्याच्यादेखत म्हणाली, "मुलीसारखा गायचा तेव्हा बरा होता."

आणि आम्ही गोंयकार कसले? मंगेशीचे दीनानाथ, अभिषेकीबुवा, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, ही नावं घेतल्याशिवाय आमच्याकडे समई पेटत नाही. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, हे तर प्रत्येक प्रमुख पाहुणा सांगतो. शेजारच्या पोराच्या गळ्यात काय चाललंय ते विचारायला मात्र कोणी थांबत नाही.

असो. तिथली रांग तुम्हीही बघितलीत. छातीवर नंबर, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये साथीचा ट्रॅक. बाबूचा ट्रॅकही काळी चारचाच. मी मूर्ख, मला वाटलं होतं की टीव्हीवाल्यांना ट्रॅक लागतोच. तो भिंतीकडे तोंड करून अभंगाची पहिली ओळ गुणगुणत होता आणि वरच्या जागेवर दर वेळी आवाज सुटत होता. चौथ्यांदा सुटला तेव्हा तो म्हणाला, "ताई, घरी जाऊया." मी काय बोलणार होते? मला फार्मसीत बिलं करता येतात, गाण्यातलं ओ की ठो कळत नाही.

तेवढ्यात तुम्ही मागून विचारलंत, "आवाज फुटला न्हय रे पुता?"

बाबूनं मान खाली घातली.

"बरें जालें. व्हड जालो तूं."

काका, वर्षभरात हे त्याला पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं. स्वरयंत्र वाढतं, आतले तंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ सप्तकभर खाली येतो, हे सगळं मी नंतर वाचलं. शास्त्र बरोबरच आहे. पण ज्या पोराला वर्षभर सगळे काही मोडल्यासारखं बघत होते, त्याच्यासाठी तुमचे ते दोन शब्द औषधासारखे होते. मी रोज औषधं विकते, म्हणून ठामपणे सांगते.

मग तुम्ही चादरीची गाठ सोडून पेटी बाहेर काढलीत. काळी चार दाबलीत, त्याला गायला लावलंत. काही बोलला नाहीत. बोट काळी तीनवर गेलं, परत गायला लावलंत. मग काळी दोन. तिथं अभंग असा बसला की मलासुद्धा कळलं. "ट्रॅक नाका," एवढंच तुम्ही म्हणालात.

याबद्दल आभार मानायचेच आहेत, पण मी हे पत्र लिहायला बसले ती त्याच्या पुढच्या गोष्टीसाठी. बाबूचा नंबर यायला अजून अर्धा तास होता आणि आत मोबाइल न्यायची परवानगी नव्हती. म्हणजे मोबाइलवरचा तानपुराही नाही. सा कानात घेऊन जायचा आणि तो रस्त्यात सांडू द्यायचा नाही. तुम्ही दाराजवळ फरशीवर मांडी घातलीत आणि काळी दोन दाबून धरलीत. गळ्यात कार्ड अडकवलेली एक मुलगी आली, म्हणाली, "आवाज नको, आत रेकॉर्डिंग चालू आहे." तुम्ही वाद घातला नाहीत. ती जुनी निळी चादर पेटीवर टाकलीत, हात आत घातलात आणि भाता इतका हळू चालवलात की तो सा फक्त तुमच्या गुडघ्याला टेकून बसलेल्या बाबूला ऐकू येत होता. मला हाताच्या अंतरावरून नुसती चादर हलताना दिसत होती, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी.

अर्धा तास, काका. तुमची नात मध्येच म्हणाली, "आजो, माझी पट्टी?" तुम्ही म्हणालात, "तुका येता गो." तिचा नंबर बाबूनंतर सातवा होता. ती रुसली नाही, उलट बाबूला पाण्याची बाटली दिली. घरातलं वळण असं न सांगता दिसतं. आमच्याकडे चांगुलपणा म्हटला की आधी फोटोग्राफर लागतो, आणि तुम्ही मदत केलीत तीही चादरीखाली झाकून.

पुढचं थोडक्यात सांगते. बाबूची निवड झाली नाही. पण अर्ध्यात थांबवलं नाही, अभंग पूर्ण ऐकला. तो बाहेर आला तेव्हा तुम्ही नातीबरोबर आत गेला होता. आम्ही वाट बघत होतो, पण शेवटी बसची वेळ झाली. तो दोनदा मागे जाऊन बघून आला. तुमची घडी घातलेली चादर तेवढी खुर्चीवर दिसली.

नातीचं काय झालं ते कळवा. तिची पट्टी काळी पाच होती ना? बाबू म्हणतो, तिचा आवाज त्याच्या जुन्या आवाजापेक्षा चांगला आहे, आणि हे तो सहसा कोणाबद्दल म्हणत नाही.

क्लास सोडला. आता पहाटे घरीच बसतो, समोर कुणाची तरी मागून आणलेली पेटी. शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा आईनं कपाटातली शाल काढून पेटीवर घातली, त्या तिन्हींतली सगळ्यात जाड. गेल्या महिन्यात आवाज आणखी उतरला. तुम्हाला आवर्जून कळवायला सांगितलंय त्यानं: आता काळी एक.

तुमची,
बाबूची ताई
माशेल