मिस्त्रीभाऊ, तुम्ही विचारलेल्या एका प्रश्नासाठी

मिस्त्रीभाऊ, नमस्कार.

हे पत्र तुमची लेक तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेलच. बिल चुकतं झालं, पण काही गोष्टी त्यात मावल्या नाहीत, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

मागच्या जानेवारीत तुम्ही परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला आलात, तेव्हा सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांसाठी भरणाऱ्या आमच्या उन्हाळी शिबिराच्या इमारतीत उखडलेली फरशी आणि दगड झालेली सिमेंटची पोती एवढंच उरलं होतं. आधीचा ठेकेदार उचल घेऊन गेला तो गेलाच. मी तुमच्यापुढे यादी धरली: रंग, पत्रे, चकचकीत टाइल्स. तुम्ही ती घडी करून खिशात टाकलीत आणि विचारलंत, "बाई, हे पोट्टे रात्रीतून किती खेपा उठतेत?"

एवढ्या बैठका झाल्या, पण हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर नर्स.

सिकलसेलच्या मुलांच्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवणं जमत नाही, त्यामुळे लघवी फार होते. अंगातलं पाणी कमी झालं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून आम्हीच दिवसभर पाणी पाजतो. संडास मात्र अंगणापलीकडे. इथं १,१०० मीटरवर मे महिन्यातही पहाटे गारठा असतो आणि गारठ्यानं यांचं दुखणं उठतं. अंधार आणि ओल्या अंथरुणाची लाज, दोन्ही चुकवायला पोरं संध्याकाळपासून पाणीच टाळायची. तिसऱ्या दिवशी कोणाला तरी सलाईन. आम्ही वर्षानुवर्षं उन्हाला बोल लावत होतो.

तुम्ही संडास खोलीला लागून बांधलेत. काहींच्या खुब्याच्या हाडाला रक्त कमी पडून ते खचतं, उकिडवं बसता येत नाही, हे सांगितल्यावर दोन कमोड बसवलेत. आधाराच्या दांड्या किती उंचीवर हव्यात, हे चौकीदाराच्या नातवाला उभं करून भिंतीवर पेन्सिलीनं आखलंत. त्या खुणा रंगाखाली अजून दिसतात. मी पुसू दिल्या नाहीत.

टाइल्सवरून मात्र आपलं वाजलं. तुम्ही खडबडीत शहाबादीच घातलीत, मी दोन दिवस धड बोलले नाही. आता ओल्या पायांनी पळणारी पोरं पाहते आणि गप्प बसते.

आणि तो रॅम्प! जोतं अडीच फूट, म्हणजे उंचीच्या दर इंचाला एक फूट लांबी या हिशेबानं तीस फूट हवेत. जागा बावीस फूट. "चढ उभाच ठेवा," असं आमच्यातलंच कोणीतरी म्हणालं. तुम्ही तो काटकोनात वळवलात, मध्ये दम खायला सपाट जागा ठेवलीत. पोरांनी तिथं चक्क पत्त्यांचा अड्डा केलाय.

यंदा सात दिवसांत एकाच मुलाला घाट उतरून दवाखान्यात न्यावं लागलं, तेही भर दुपारी लपून क्रिकेट खेळल्यामुळे. रात्रीच्या बाटल्या सकाळी रिकाम्या मिळाल्या. बंबाचं गरम पाणी पुरलं.

तेवढं तिसऱ्या संडासाचं दार पावसात फुगलंय. सवड झाली की रंधा घेऊन या. जेवायलाच या, झुणका-भाकर करते.

तुमची,
शिबिरातली नर्सबाई