बी.कॉम. झालेल्या मुलीला डीबीए करणाऱ्या काकांस

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय उडवून लावता. म्हणून हे जाहीर पत्र. चार लोक वाचतील, त्यातले दोघंतिघं तुम्हाला फोन करतील आणि तुम्ही माझ्यावर चिडाल, हे धरूनच लिहिते आहे.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर मी हिशोब लिहायचे. सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी करायची, वजन गुणिले दर, त्यातून हमाली-तोलाई वजा. शिक्षण बी.कॉम., टॅली येत होतं. डीबीएचं, म्हणजे कंपनीचा डेटाबेस सांभाळायचं, काम शिकायचं डोक्यात घेतलं होतं, पण पुण्यात एका कंपनीत मुलाखत घेणाऱ्यानं बायोडाटावरची पदवी पाहिली आणि "कॉमर्सवाल्यांसाठी आमचा अकाउंट्स विभाग आहे" म्हणून मला वाटेला लावलं. तुम्ही तेव्हा पुण्यातली नोकरी संपवून सांगलीत विश्रामबागेत राहायला आला होता आणि जुन्या ओळखीनं आमच्या मालकांकडे येऊन बसायचात. त्यांनीच तुम्हाला माझं रडगाणं सांगितलं.

तुम्ही पदवी विचारलीच नाहीत. विचारलंत, "आधी काय लिहितीस? रोजकीर्द का खतावणी?"

रोजकीर्द. व्यवहार झाला की लगेच. खतावणी, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडणी, मागाहून, सवडीनं.

"आणि खतावणी भिजली तर?"

रोजकीर्दीवरून पुन्हा उतरवायची.

"मग ओरॅकल तरी काय वेगळं करतंय, पोरी?"

ओरॅकल हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर. त्याला कमिट, म्हणजे सौदा पक्का, म्हटलं की ते आधी रीडो लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या रोजकीर्दीत, नोंद पक्की करतं. मूळ डेटा फाइलमधला ब्लॉक नंतर कधीतरी लिहिला जातो. मध्येच वीज गेली तर सुरू होताना लॉग पुढे पुढे वाचत सगळं पुन्हा लावून घ्यायचं आणि नोंद आहे पण सौदा पक्का झालेला नाही, असल्या नोंदी शेवटी परत फिरवायच्या. हे सगळं मला त्या दुपारी, पोत्यांच्या राशीशेजारी, कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर कळलं. पुस्तकात हाच भाग मी आधी वाचला होता आणि डोक्यावरून गेला होता.

नंतर शिकवण्याची तुमची तऱ्हा. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स, त्यावर ओरॅकलची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती. मी टेबलात नोंदी भरत असताना तुम्ही सरळ भिंतीतला प्लग उपटायचात. परत चालू करून मी अलर्ट लॉगमध्ये, म्हणजे डेटाबेस स्वतःची हकिगत लिहितो त्या फाइलमध्ये, काय झालं ते ओळीनं वाचून दाखवायचं. ते जमायला लागल्यावर एकदा तुम्ही एक डेटा फाइलच उडवलीत आणि "मी दूध घेऊन येतो" म्हणून बाहेर पडलात! येईपर्यंत बॅकअपवरून ती फाइल आणून, आर्काइव्ह लॉग (जपून ठेवलेले जुने रीडो लॉग) लावून डेटाबेस उघडलेला हवा होता. दुधाला तुम्हाला बराच वेळ लागला, तो मुद्दाम लावलात हे काकूंनी मला नंतर सांगितलं.

नॉर्मलायझेशन, म्हणजे एक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदवायची शिस्त, शिकवायला तुम्ही पेढीचीच शेतकऱ्यांची यादी घ्यायला लावलीत. तीत कवठेमहांकाळ एके ठिकाणी जोडून, एके ठिकाणी तोडून, कुठे 'क. महांकाळ' तर कुठे नुसतं 'कवठे'. एका गावची येणी काढायला गेलं की चार बेरजा यायच्या. गावाचं वेगळं टेबल करा आणि बाकी सगळीकडे त्याचा नंबर लावा, म्हणजे भांडण मिटलं. एडगर कॉडनी आयबीएममध्ये बसून १९७० मध्ये जो निबंध लिहिला, त्यातून हे सगळं पुढे आलं, हे तुम्ही त्यानंतर सांगितलंत. आधी गावांची भानगड, मग कॉड. क्लासमध्ये नेमकं उलटं असतं.

कॉड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते, हे मला तुमच्याकडूनच कळलं. त्याच बैठकीत तुम्ही चार्ल्स बाखमनची गोष्ट काढलीत: मेकॅनिकल इंजिनिअर, डाऊ केमिकलमधून जनरल इलेक्ट्रिकमध्ये गेले, तिथे डेटाबेस सांभाळणारी सुरुवातीची एक प्रणाली घडवली आणि १९७३ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, घेतला. मग सी. मोहन. आयआयटी मद्रासचे केमिकल इंजिनिअर, पुढे संगणकशास्त्रात डॉक्टरेट. प्लग उपटल्यावर डेटाबेस परत कसा उठवायचा याची 'एरीज' नावाची पद्धत त्यांनी सहकाऱ्यांबरोबर आयबीएममध्ये मांडली, ती १९९२ साली छापून आली. आणि ओरॅकल काढणारे लॅरी एलिसन तर दोन विद्यापीठांतून पदवी न घेताच बाहेर पडलेले. मी हुरळून जाणार एवढ्यात तुम्ही म्हणालात, "ही शोध लावणारी माणसं. आपण सांभाळणारे. सांभाळणाऱ्यांचं बघायचं असेल तर माझ्याकडं बघ."

बघितलं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळीचे कारकून, ऊसबिलं कॉम्प्युटरवर गेली तेव्हा फॉक्सप्रो हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर शिकलात, तिथून पुणे, तिथून ओरॅकल. तुमच्यातली खरी कमाई मला फॉक्सप्रोत दिसत नाही, काट्यावर दिसते. गाळप हंगामात काटा बंद ठेवता येत नाही हे ज्याच्या अंगात मुरलंय, तो माणूस भरदिवसा चालू डेटाबेसवर प्रयोग करत नाही. बॅकअप झाला म्हणून गप्प बसत नाही, तो दुसरीकडे उतरवून, उघडून बघतो. तुमचा हा संशयी स्वभाव मी पुरता उचलला आहे. टीममधले लोक वैतागतात.

आता माझ्या टीममध्ये बँकेत टेलर असलेला एक जण आहे. शाखा कोअर बँकिंगवर गेली त्या गडबडीत तो सर्व्हरच्या खोलीत शिरला तो बाहेर आलाच नाही. दिवसअखेरची प्रक्रिया का अडली हे त्याला आमच्या सगळ्यांच्या आधी कळतं, कारण त्यानं काउंटरवर ती अडलेली सोसली आहे. एक बाई शाळेत भौतिकशास्त्र शिकवायच्या. संथ चालणारी क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) हातात घेतली की त्या एका वेळी एकच गोष्ट बदलतात, मोजतात, लिहून ठेवतात. संगणक अभियंतेही आहेत, चांगले आहेत. पण महिनाअखेरीला आर्काइव्ह लॉगची जागा भरून डेटाबेस थबकतो तेव्हा, तेवढ्यापुरतं बोलायचं तर, मला टेलर शेजारी बसलेला बरा वाटतो.

प्रमाणपत्रांवरून आपलं कधी जमलं नाही. तुम्ही त्यांना लग्नपत्रिका म्हणता. मी ओसीपीची, म्हणजे ओरॅकलच्या प्रमाणपत्राची, परीक्षा दिली ती तुमच्या मनाविरुद्ध, आणि तिच्यामुळे बायोडाटा निदान पहिल्या चाळणीतून पुढे सरकला. एवढं तुम्ही मान्य करा.

आता कामाचं. मिरजेचा एक मुलगा आहे, सतारमेकरांच्या गल्लीतला. घरच्या कामात तारा लावतो, जवारी काढतो, म्हणजे सतारीची घोडी घासून सूर मोकळा करतो. बारावीनंतर शिक्षण सुटलं, पण एसक्यूएल, डेटाबेसशी बोलायची भाषा, स्वतःच शिकलाय आणि बरं लिहितो. रविवारी मोकळा असतो, लॅपटॉप त्याचा त्याच्याकडे आहे. पाठवू का? फी किती म्हणून सारखा विचारतोय. तुम्ही माझ्याकडून कधी घेतली नाहीत, तेव्हा त्याला काय सांगायचं ते फोनवर कळवा. काकूंना नमस्कार.

तुमची,
यार्डातली हिशोबनीस