परदेशवारी: ज्येष्ठांनी विमा घेताना काय पाहावे?

संपादक महोदय,

निवृत्तीनंतर परदेशी जाताना वैद्यकीय विमा घ्यायचा की नाही, हे अनेक घरांत हप्त्याचा आकडा पाहूनच ठरते. आधी हातातली पॉलिसी उघडून पाहावी. नेहमीची आरोग्य पॉलिसी बहुधा देशाबाहेरच्या रुग्णालयाचे बिल देत नाही. अमेरिकेची सरकारी मेडिकेअर योजनासुद्धा मोजके अपवाद वगळता देशाबाहेर चालत नाही. क्रेडिट कार्डासोबतच्या विम्याला अनेकदा वयाची अट असते आणि ती नेमकी ज्येष्ठांनाच आडवी येते.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून लागणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान 30,000 युरोंचा विमा सक्तीचा आहे. पण ही झाली व्हिसाची अट. अतिदक्षता विभागातला मुक्काम आणि नंतर डॉक्टर सोबत देऊन विमानाने मायदेशी आणणे, एवढ्याला ही रक्कम पुरेलच असे नाही.

खरी मेख असते आधीच्या आजारांत. मधुमेह, रक्तदाब, बसवलेला स्टेंट, सगळे अर्जात लिहावे. 'गोळीने आटोक्यात आहे' म्हणून गाळले, की दावा नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते. लिहूनही काम संपत नाही. अनेक पॉलिसी अशा आजारात जिवावर बेतले तरच, आणि तेही प्रकृती स्थिर होईपर्यंतच पैसे देतात. निघण्याच्या काही महिने आधी डोस बदलला असेल, तर काही कंपन्या तो आजार स्थिर मानत नाहीत. आपला आजार स्थिर धरला जाईल का, याचे उत्तर कंपनीकडून लेखीच घ्यावे. एजंटच्या तोंडी आश्वासनाला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

मग उपमर्यादांचा तक्ता पाहावा. वर विम्याची रक्कम मोठी छापलेली असते, पण साठीपुढच्यांसाठी खोलीभाडे, शस्त्रक्रिया, अतिदक्षता यांवर कित्येकदा वेगळ्या, बऱ्याच कमी मर्यादा असतात. शिवाय प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम आपणच भरायची असते. स्वस्त पॉलिसी स्वस्त का, ते बहुधा इथे कळते. हप्ता थोडा जास्त पडला तरी उपमर्यादा नसलेली पॉलिसीच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुलांकडचा मुक्काम लांबणार असेल तर मुदत संपण्याआधीच वाढवून घ्यावी. खंड पडून नवी पॉलिसी घेतली, तर मधल्या काळात उद्भवलेले दुखणे 'आधीचा आजार' ठरू शकते. रुग्णालयात दाखल होताना, किंवा लगेच नंतर, विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करावा लागतो. उशीर झाला तर कॅशलेस सोय हुकते. तो क्रमांक आणि पॉलिसीची प्रत सोबतच्या माणसाकडेही द्यावी.

आपले,
विमा क्षेत्रातील काही वाचक