वाचनालयाचं अंगण

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

3 जून 2020च्या निसर्ग वादळात वाचनालयाची कौलं उडाली, तेव्हा मीच तुला कळवलं होतं. आता छप्पर नवं झालं, भिंतींना रंग लागला. समितीने अंगणाचं काम माझ्याकडे सोपवलंय आणि मला दुसरं काही सुचत नाही.

बहुतेकांना हिरवळ आणि पेव्हर ब्लॉक हवेत. मी मात्र गेल्या पावसात तिथे छत्री घेऊन उभा राहिलो, पागोळ्या कुठे पडतात ते बघत. भिंतीलगत पूर्वी कोणीतरी कोबा घातलाय, त्याचा उतार भिंतीकडे! पाणी त्यावर आपटून भिंतीच्या जांभ्या चिऱ्यावर उडतं, आणि जांभा पाणी किती पितो ते तुला सांगायला नको. आत खालच्या फळीवरचा जुना दिवाळी अंक उघडला, तर पानं चिकटलेली. हलक्या हाताने सोडवली, तर एका पानाची अक्षरं दुसऱ्यावर उलटी उमटलेली. फार वाईट वाटलं रे.

हिशेब बघ. 100 चौरस मीटर छपरावर 3000 मिलिमीटर पाऊस, म्हणजे 3 लाख लिटर पाणी. म्हणून कोबा फोडतोय. पागोळीखाली गोट्यांनी भरलेला चर, त्यातून पाणी मागच्या विहिरीकडे. भिंतीपासून चार हात ना झाड, ना कुंडी. ओलीमागून वाळवी येते.

समुद्राच्या अंगाला उंडीची झाडं लावायची, खारा वारा ती सोसतात. माड बसायच्या जागेपासून लांब. वादळात अर्धी मोडलेली बकुळ तोडा, कचरा होतो, असं काहींचं म्हणणं. मी ठाम नाही म्हटलं. सुट्टीत चार वाजता दार उघडेपर्यंत आपण तिच्याखालीच बसायचो ना? मुलं अजूनही तिथेच ताटकळतात, मातीत उकिडवी. तिच्याभोवती चिऱ्याचा पार बांधतोय, बुंध्याला श्वास घ्यायला जागा सोडून.

फाटकापासून दारापर्यंत पायऱ्यांच्या बाजूने उतारही होतोय. काकूंना सांग, गुडघ्यांची सबब आता चालणार नाही.

आणि तुझ्या वाडीच्या कुंपणाला उंडीखाली रोपं उगवतात, त्यातली पाच-सहा मुळांच्या मातीसकट घेऊन ये. मृगाचा पाऊस लागला की लावू.

तुझाच,
जुना सोबती