चेहऱ्याचा लकवा : बाळांकडेही पाहा

मा. संपादक,
स. न.

चेहऱ्याच्या लकव्यावरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. मोठ्यांपुरता तो चांगलाच आहे. पण ‘हा त्रास लहान मुलांनाही होतो’ एवढ्या एका ओळीत बाळांचा विषय उरकलेला पाहून राहवले नाही.

बाळाला सांगता येत नाही. ओठाच्या एका कोपऱ्यातून दूध ओघळते, झोपेत एक डोळा अर्धवट उघडा राहतो, रडताना तोंड एकीकडे ओढले जाते. घरचे हमखास चकतात ते इथे. तोंड जिकडे ओढले जाते ती बाजू धडधाकट असते. निपचित राहते ती आजारी. त्या बाजूच्या कपाळालाही आठी पडत नसेल, तर दोष बहुधा चेहऱ्याच्या नसेत असतो. कपाळ हलते आणि खालचाच भाग लुळा आहे, किंवा जोडीला हातपाय ढिले, उलट्या, गुंगी असेल, तर मेंदूचा संशय घ्यावा लागतो. हा निवाडा मात्र डॉक्टरांचा. घरी बसून करत राहू नये, त्याच दिवशी दाखवावे.

ही नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून, मधल्या कानाला अगदी खेटून जाते. म्हणून मुलांत कानातला पू हे कारण वरचेवर सापडते. कानात न डोकावता ‘बेल्स पाल्सी’ लिहून मोकळे होणे मला पटत नाही. चेहऱ्याच्या लकव्याचे कारण सापडत नाही तेव्हाच ते नाव द्यायचे असते. रक्तदाबाचेही तेच. मुलांचा तो सहसा कोणी मोजतच नाही, पण वाढलेल्या रक्तदाबाचे पहिले लक्षण कधी कधी हेच असते.

लेखात 72 तासांत स्टेरॉइड सुरू करण्याचा सल्ला आहे. प्रौढांत त्याला भक्कम आधार आहे. मुलांबाबत मात्र ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या 187 मुलांच्या चाचणीत (निष्कर्ष 2022) महिनाभरानंतर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा ठळक फायदा दिसला नाही, आणि सहा महिन्यांत औषध न मिळालेलीही बहुतेक मुले बरी झाली. शिवाय क्वचित या लकव्यामागे रक्ताचा कर्करोग असतो. स्टेरॉइडने तो काही काळ झाकला जातो. तेव्हा घरात उरलेली गोळी कुटून देण्याचा उद्योग कोणी करू नये.

डोळा मात्र पहिल्या दिवसापासून जपावा लागतो. पापणी मिटत नसल्याने बुबुळ कोरडे पडून जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. तीन महिन्यांत काहीच सुधारणा नसेल किंवा लुळेपणा हळूहळू वाढत असेल, तर एमआरआयबद्दल विचारावे.

जन्मापासून फक्त रडतानाच ओठ वाकडा होतो आणि डोळा नीट मिटतो, ती गोष्ट निराळी. तिथे बहुधा ओठाचा एक स्नायू अपुरा वाढलेला असतो. अशा बाळाचे हृदय एकदा तपासून घेतात. त्यावरही एखादा स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त परिचारिका