लाखभराचा खिशातला कॅमेरा: घ्यावा की नाही

तोक्यो, जून

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

दादाकडून तुझा निरोप कळला. साठवलेल्या पैशांतून भारीतला कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यायचा म्हणतेस, आणि दादा म्हणतो हातात चांगला फोन असताना हे खूळ कशाला. दोघांचंही खरं आहे, फक्त वेगवेगळ्या कॅमेऱ्यांबद्दल. तुझ्या मनात भरलेला सोनीचा आरएक्स100 मार्क 7 मात्र घेऊ नकोस.

या कॅमेऱ्यांत पैसे मोजायचे ते मुख्यतः दोन गोष्टींचे: सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, केवढा आणि लेन्स किती उघडते. मार्क 7 मध्ये जो सेन्सर एक इंची म्हणून विकतात तो असतो 13.2 बाय 8.8 मिलिमीटर, म्हणजे 116 चौरस मिलिमीटर. आजच्या महागड्या फोनचा मुख्य सेन्सर सत्तरच्या पुढेमागे भरतो. 2012 साली पहिला आरएक्स100 आला तेव्हा फोनमधला सेन्सर मसुराच्या दाण्याएवढा होता, त्यामुळे तो कॅमेरा खरोखर कुठल्या कुठे पुढे होता. आता फरक उरला दीडपटीच्या थोडा वर. किंमत मात्र तेव्हाच्याच तोऱ्यात आहे.

लेन्स धरली तर हिशेब आणखी बिघडतो. लेन्स किती उघडते ते सांगणाऱ्या एफ आकड्याला (आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी) सेन्सरच्या लहानपणाचा गुणक लावायचा; सेन्सर लहान तितका गुणक मोठा. येणारा आकडा जितका कमी तितका एकूण प्रकाश जास्त. फोन: 1.8 गुणिले 3.5, म्हणजे 6.3. मार्क 7: 2.8 गुणिले 2.7, म्हणजे 7.6. नेहमीच्या रुंद चौकटीत तुझा फोनच जास्त प्रकाश गोळा करतो! मार्क 7 कामाला येतो तो 200 मिमीपर्यंतच्या झूमसाठी (लेन्सचा हा मिमी आकडा मोठा तितकं दूरचं जवळ येतं, लहान तितकी चौकट रुंद). तिथे त्याचा आकडा 12 होतो, पण बऱ्याच फोनांच्या पाचपट झूमच्या लेन्सचा विशीच्या घरात जातो. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून रंगमंच टिपायचा असेल तर तो घे, नाहीतर नको. कॅननचा जी7एक्स मार्क 3 रुंद बाजूला 1.8 उघडतो, हिशेबात 4.9, त्यातल्या त्यात बरा. पण रीलवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतल्यापासून त्याचा भाव त्याच्या लायकीच्या पुढे गेला आहे.

आता दुसरी जात, एपीएस-सी नावाच्या मोठ्या सेन्सरची. 23.5 बाय 15.6 मिमी, म्हणजे 366 चौरस मिलिमीटर, फोनच्या पाचपट. यात रिकोचा जीआर 3 (हिशेबात 4.2) आणि फुजीचा एक्स100-6 (हिशेबात 3). फोनच्या तुलनेत रिको दुपटीहून जास्त प्रकाश घेतो, फुजी चौपटीहून जास्त. इथे पैशाचं चीज होतं.

हा फरक दिसतो कुठे, तर अंधुक उजेडात हलणाऱ्या माणसांत. फोन एकामागून एक फ्रेम घेऊन त्या एकमेकींवर बसवतो. समईची ज्योत, देवघर, रात्रीचा घाट या स्थिर गोष्टी त्यात झकास येतात आणि तिथे लाखाचा कॅमेरा फारसं काही वेगळं दाखवत नाही. पण आरतीला टाळ्या वाजवणारे हात, फुगडी, मंडपातून पळणारी पोरं यांचं फोनमध्ये मेण होतं. कॅमेरा एकाच फ्रेममध्ये काम उरकतो. ऑटो आयएसओची (सेन्सरच्या संवेदनशीलतेची) वरची मर्यादा 6400 ठेव, कमीत कमी शटर 1/125 सेकंद ठेव आणि रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ फाइल चालू ठेव. मग निवांत.

माझं मत जीआर 3 ला. बॅटरी-कार्डासकट 257 ग्रॅम, कुर्त्याच्या खिशात मावतो. फुजी 521 ग्रॅम; तो गळ्यात घालायचा कॅमेरा, आणि कपाटात राहिला तर सेन्सर कितीही मोठा असून काय उपयोग? फुजीची एक गोष्ट मात्र खरंच हेवा वाटावी अशी. त्याचं शटर लेन्सच्या आत असतं, त्यामुळे 1/1000 ला सुद्धा अंगचा फ्लॅश जुळतो. वैशाखातल्या भर दुपारी हळदीला चेहऱ्यांवरच्या काळ्या सावल्या त्या छोट्या फ्लॅशने निघतात. जीआर 3 मध्ये अंगचा फ्लॅश नाही, डोळा लावून बघायची खिडकी नाही, आणि पाऊस-धुळीपासून संरक्षणही नाही.

दोन्हींत झूम नाही. रिकोची चौकट 28 मिमीची, फुजीची 35 ची. म्हणून आधी एक परीक्षा घे: पंधरा दिवस फोनवर फक्त 1एक्स, चिमटीने झूम अजिबात करायचं नाही. मुख्य कॅमेऱ्याची चौकट बहुतेक फोनांत 24 ते 26 मिमीची, म्हणजे रिकोच्या जवळचीच. चिडचिड झाली तर हा कॅमेरा तुझा नव्हे आणि तुझे पैसे वाचले. कासच्या फुलांसाठी विचारत असशील तर रिको मॅक्रोमध्ये 6 सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो, तेवढं पुष्कळ झालं.

त्याचा ऑटोफोकस अंधारात चाचपडतो, हा मोठा दोष. त्यावर उतारा त्याच्यातच आहे, तो म्हणजे स्नॅप फोकस, आधीच ठरवलेल्या अंतरावर लावलेला फोकस. ॲपर्चर (तोच एफ आकडा) 5.6, स्नॅपचं अंतर 2.5 मीटर. आता साधारण 1.4 मीटरपासून 15 मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. फुल प्रेस स्नॅप चालू कर आणि बटण अर्धवट न दाबता एका दमात पूर्ण दाब. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, तडक फोटो घेतो. वारीच्या गर्दीत याला तोड नाही. अंधार पडला की ॲपर्चर 2.8 वर ने आणि अंतर माणसाएवढं, 1.5 मीटर ठेव.

बॅटरी कंपनीच्याच मोजणीने 200 फोटोंची. लग्नाच्या दिवसाला तीन हव्यात.

मंडपातल्या एलईडी दिव्यांत फोटोवर आडवे पट्टे येतात, कारण दिवा विजेच्या लयीत लुकलुकतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर 1/100 किंवा 1/50 ठेव. फुजीत इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल ठेव. अगदीच स्वस्त सजावटीच्या माळा यालाही दाद देत नाहीत.

आता बिघडतं काय ते. बाहेर येणारी लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढते आणि हवेबरोबर धूळ. ती सेन्सरवर बसली की आकाशात राखाडी ठिपके दिसतात. लेन्स निघत नसल्याने आपल्याला पुसता येत नाही, सेवाकेंद्रातच उघडावा लागतो. म्हणून उघडा कॅमेरा खिशात किंवा पर्समध्ये टाकू नकोस, छोटी बंद पिशवी कर. वाळूत, गुलालात तर बाहेर काढूच नकोस. लेन्सच्या नळीत एक कण अडकला की लेन्स अर्ध्यातच थांबते. पावसाळ्यात बुरशी. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि दीडदोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेव. काटा 40 ते 50 टक्क्यांत राहिला पाहिजे. कापडी किंवा चामडी केसमध्ये ठेवून कपाट लावून घेणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. इथेही सध्या त्सुयुचा, म्हणजे इथल्या पावसाळ्याचा पाऊस चालू आहे, कॅमेरेवाल्यांच्या घरी कोरड्या हवेची कपाटं असतात ती यासाठीच.

जीआर 3 आला 2019 ला, 2025 मध्ये जीआर 4 आला, त्यामुळे 3 आता जुन्यात बघायचा. इथल्या शिंजुकु आणि नाकानो भागांतली जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं दर्जा लिहूनच विकतात. तुला तिकडे मिळाला तर अशी तपासणी कर: दहा वेळा चालू-बंद, लेन्सचा आवाज दर वेळी सारखाच आला पाहिजे. एफ 16 ला पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश, फोटो मोठा करून कोपरा न् कोपरा बघ. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का ते पाहा. कॅमेऱ्यावरची सेटिंगची चकती एक घर फिरवली की आकडा एकच पुढे सरकला पाहिजे. स्क्रूची डोकी खरवडलेली दिसली तर ठेवून दे.

इथून पाठवायचा म्हटलं तर दोन अडचणी. जपानी बाजारातल्या सोनीत मेनू फक्त जपानीत असतो, तोही आरएक्स100 नको म्हणण्यामागचा भाग. आणि हमी बहुधा विकल्या देशापुरतीच. दुरुस्तीसाठी पुणे-मुंबईत कुठे जायचं ते आधी फोन करून विचार, मग पैसे मोज. येणाऱ्या कुणाबरोबर पाठवला तर मूळ बिल सोबत देईन. कस्टममध्ये सवलतीच्या मर्यादेवरच्या रकमेवर शुल्क लागतं, आणि मर्यादा त्या वेळी काय आहे ते बघूनच ठरवू.

पंधरा दिवसांची परीक्षा झाली की निकाल कळव. दादा-वहिनींना नमस्कार, आजीला साष्टांग.

तुझा,
काका