आईंच्या हातांच्या खुणा

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे रोजची कामं माणसाला पुन्हा स्वतः करता यावीत म्हणून मदत करायला, आमच्या घरी आलात; त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्यासारखी घाबरून गेलेली घरं आणखीही असतील.

श्रावणात सासूबाई बाथरूमच्या दाराशी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी सोडताना आम्हाला एवढंच सांगितलं गेलं की, पुन्हा पडू देऊ नका. मग बाथरूमपुरतं सोडून आम्ही त्यांना पलंगावरून उठूच दिलं नाही. पाणी हातात, ताट हातात. महिनाभरात त्यांचे पाय काड्यांसारखे झाले आणि त्या बोलायच्याही कमी झाल्या. हे आम्ही प्रेमानंच करत होतो, ताई. पण न हलल्यानं पायांतली ताकद जाते आणि माणूस आणखी सहज पडतं, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे व्यायाम करून घेणारं कुणीतरी येईल, असं मला वाटलं होतं. तुम्ही आलात, पलंगाशेजारी बसलात आणि विचारलंत, "आजी, सकाळी उठल्यावर आधी काय करायचात?" आई कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुळशीला पाणी." तुम्ही वहीत सगळ्यात आधी तेच लिहिलंत.

मग पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या भिंतीवर तुम्ही मोबाइलचा उजेड तिरका धरलात. तिथं आईंच्या तेलकट हातांचे डाग होते. मला लाज वाटली, दिवाळीआधी रंग लावून घेऊ असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "थांबा. आधार कुठे लागतो, ते आजींनी स्वतःच दाखवून ठेवलंय." एकेका डागाची जमिनीपासूनची उंची तुम्ही टेपनं मोजलीत. आज स्टीलच्या दांड्या बरोबर त्याच जागी आहेत, थेट विटेत बोल्ट ठोकून बसवलेल्या. बाथरूममधल्या टॉवेलच्या दांडीवर तुम्ही जरा जोर दिलात, तर एक स्क्रू निघून खाली पडला. आई रोज तिलाच धरून उठत होत्या! तो स्क्रू मी जपून ठेवलाय.

उंबरठा काढायला आई तयार नव्हत्या. रोज हळदकुंकू वाहतात त्या त्याला. तुम्ही वाद घातला नाहीत. कडेला पिवळी पट्टी लावून घेतलीत, चौकटीला उभी दांडी बसवलीत आणि आधी चांगला पाय वर, मग ऑपरेशनचा, असं दहा वेळा करून घेतलंत. पायपुसणी गेली, पलंगाखाली रात्रीचा दिवा आला, कमोडवर उंच सीट आली. लघवीची गोळी रात्रीऐवजी सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारायला लावलंत. ते हो म्हणाले आणि रात्रीच्या दोन फेऱ्या वाचल्या.

सासऱ्यांची काठी आईंना सोडवत नव्हती, पण ती त्यांना उंच पडायची. मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी म्हणून तुम्ही सुताराकडून ती दोन इंच कापून घेतलीत, खाली नवं रबर बसवलंत आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायला शिकवलंत. काठी हातात आल्यावर आई रडल्या होत्या, आठवतं?

तुमच्याबद्दल कळल्यावर मी या विद्येबद्दल वाचलं. अमेरिकेत जन्मलेल्या, लग्नानंतर इथल्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात भारतातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. आमच्या डोंबिवलीहून परळ लोकलनं तासाभराचं, आणि इतक्या वर्षांत आम्हाला याचा पत्ताच नव्हता! हाड मोडलं की डॉक्टर सगळ्यांना आठवतो. पण घरी येऊन माणूस कुठे वळतं, कशाला धरतं, हे बघणारं कुणी असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. याची मला अजूनही चुटपुट लागते. पडण्याआधीच तुम्हाला बोलावलं असतं तर!

आता सकाळी आई आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसतात, तुम्ही सांगितलंत तसं. मग गॅलरीत जातात, एक हात दांडीवर, दुसऱ्या हातात छोटा तांब्या. मी स्वयंपाकघरातून बघते, धावत जात नाही. ते शिकायला मला त्यांच्याहून जास्त वेळ लागला.

गेल्या आठवड्यात तुम्ही सुचवलेल्या उंच स्टुलावर बसून त्यांनी मेतकुटाच्या डाळी स्वतः भाजल्या. एक बरणी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलीय. येऊन घेऊन जा, त्या वाट बघताहेत.

तुमची कृतज्ञ,
आजींची सून